नाक बंद, डोळेही बंद

हिस्टामिन हे शरीरातच तयार होणारे रसायन असून धूळ, परागकण किंवा पावसाळ्यात ओल्या भिंतीवर धरणारी बुरशी नाकात शिरली की ॲलर्जी असलेल्या माणसाच्या नाकाच्या अस्तरातील मास्ट पेशी ते मोकळे करतात, आणि मग शिंका, खाज व पाणी यांचा जो सोहळा सुरू होतो तो शत्रूच्या आकारमानाला मुळीच शोभत नाही. पेशींवर हिस्टामिन जिथे बसते त्या जागांना ग्राही म्हणतात. त्यांपैकी एच-१ या ग्राहीवर ठाण मांडून हिस्टामिनला ताटकळत ठेवणारी औषधे म्हणजे अँटिहिस्टामिन. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांना या शोधाचे नवल वाटणार नाही. दानिएल बोवे यांना मात्र १९५७ साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्यामागील कार्यात या औषधांचा वाटा मोठा होता.

अडचण अशी की, हेच हिस्टामिन मेंदूत माणसाला जागे ठेवण्याचे काम करते. रक्तातील पदार्थ मेंदूत सरसकट शिरू नयेत म्हणून तेथील केशवाहिन्यांच्या भिंती घट्ट विणलेल्या असतात व त्यांना रक्त-मेंदू अडथळा म्हणतात. परंतु क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन यांसारखी पहिल्या पिढीची औषधे मेदात विरघळणारी असल्यामुळे हा अडथळा सहज ओलांडतात आणि नाकासाठी घेतलेली गोळी डोळ्यांवर येते. औषधाच्या दुकानात पाकिटातून कात्रीने दोन गोळ्या कापून देताना (कात्री बहुधा नेमकी औषधाच्या नावावरूनच फिरते) ‘रात्री घ्या’ एवढीच सूचना मिळते ती यामुळेच. तथापि क्लोरफेनिरामिनचे रक्तातील प्रमाण निम्मे व्हायला प्रौढांत सुमारे वीस तास लागत असल्याने कचेरी उघडल्याची दखल ते घेत नाही, आणि दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत साहेबांच्या प्रत्येक मुद्द्याला मान डोलावणारा कर्मचारी सहमत असेलच असे नाही.

एवढे करून नाक मोकळे होते काय? नाक चोंदते ते मुख्यतः अस्तरातील रक्तवाहिन्या फुगल्यामुळे, आणि त्या फुगवणाऱ्या अनेक रसायनांपैकी हिस्टामिन हे केवळ एक आहे; विषाणूजन्य सर्दीत तर त्याचा हात त्याहूनही कमी. जुन्या गोळ्या ॲसिटिलकोलिन या दुसऱ्याच रसायनालाही अडवतात, त्यामुळे वाहणारे नाक सुकते खरे, पण घसाही कोरडा पडतो, शेंबूड घट्ट होऊ शकतो आणि चोंदलेपणा जागच्या जागी राहतो. रुग्ण मात्र रात्रभर तोंड उघडे टाकून घोरतो व सकाळी ‘गोळी लागू पडली’ असे प्रमाणपत्र देतो. नाक बंद असल्याचे कळायला जागे असावे लागते, हे या प्रमाणपत्रात नमूद नसते.

ही उणीव भरून काढण्यासाठी सर्दीच्या संयुक्त गोळ्यांत रक्तवाहिन्या आकसवणारे फिनाइलेफ्रिन घालतात, ज्याच्याविषयी २०२३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने, नेहमीच्या मात्रेत पोटातून घेतल्यास ते नाक मोकळे करीत नाही, असे एकमताने सांगितले. काही गोळ्यांत सोबत कॅफीनही असते. झोपवणारा आणि उठवणारा असे दोघे एकाच गोळीत नेमल्यावर कामाचे श्रेय कोणाला द्यावे, हा प्रश्न रुग्णावर सोडलेला दिसतो.

दुसऱ्या पिढीतील फेक्सोफेनाडिन मेंदूत जवळपास शिरतच नाही, सेटिरिझिन थोडेसे शिरते. पण फेक्सोफेनाडिन संत्र्याच्या रसाबरोबर घेतल्यास त्याचे शोषण घटते, आणि सर्दीत ‘क’ जीवनसत्त्वासाठी तोच रस आग्रहाने पाजणारे हितचिंतक घरोघरी असतात. ॲलर्जीने चोंदलेल्या नाकावर अधिक गुणकारी ठरतो तो नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा. परंतु त्याचा पुरता गुण यायला काही दिवस लागतात आणि त्याने पेंग येत नाही, त्यामुळे औषध ‘चढल्याचा’ पुरावा मागणाऱ्या घरात तो दोन दिवसांत कपाटात जातो.