मिक्सर लावण्याची शास्त्रोक्त पद्धत

(एकच संगणक आणि एकच वडील असलेल्या घरांसाठी)

नियम १. शुचिर्भूत होऊन माउस हाती घ्यावा, पडद्याच्या कोपऱ्यातल्या कर्ण्यावर उजवी टिचकी मारावी आणि व्हॉल्यूम मिक्सर उघडावा. विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, प्रत्येक प्रोग्रॅमला आवाजाची स्वतंत्र पट्टी मिळाली आहे. मात्र 'अण्णा, मिक्सर उघडा' असे मोठ्याने सांगू नये. आई ओल्या हातांनी बाहेर येते आणि म्हणते, "कशाला? चटणी आहे त्यात."

नियम २. मुख्य पट्टी एकदाच ठरवावी. ब्राउझरची पट्टी १०० वर नेली तरी आवाज मुख्य पट्टीच्या वर जात नाही. म्हणून ज्याचा त्रास होतो त्याचा आवाज उतरवावा, दुसऱ्याचा चढवू नये. अण्णांना हे तत्त्व मान्य नाही. ते थेट स्पीकरचे बटण पिळतात.

नियम ३. या बटणाचा संगणकाला पत्ता नसतो. आतली सगळी शिस्त बाहेरून मोडते. उपाय : योग्य जागी खूण म्हणून आईची टिकली चिकटवावी. मी चिकटवली. दुसऱ्या दिवशी बटण बरोबर टिकलीवर होते आणि आवाज मात्र जिन्यापर्यंत. अण्णांनी टिकली सरकवली होती.

नियम ४. अभंग संपतो न संपतो तोच टाइल्सची जाहिरात किंचाळते. दोघांची कमाल मर्यादा एकच असते. पण जाहिरातीतले बारीक आवाजसुद्धा दाबून-चेपून त्या मर्यादेला भिडवलेले असतात. युरोपातल्या प्रसारकांनी २०१० मध्ये यावर सरासरी आवाजाचा दंडक घातला. आपण 'लाउडनेस इक्वलायझेशन' असल्यास त्यावर खूण करावी. मग जाहिरात वरमते, पण तंबोराही पखवाजाच्या बरोबरीने बोलू लागतो. अण्णा म्हणाले, "हा गातोय की भांडतोय?" खूण काढली.

नियम ५. आवाजाच्या जुन्या सेटिंगमध्ये 'कम्युनिकेशन्स' नावाचा कप्पा आहे. कॉल सुरू झाला की बाकीचे आवाज पूर्ण बंद करावेत, ८० टक्के उतरवावेत, ५० टक्के उतरवावेत की काहीच करू नये, हे तिथे ठरते. मी ८० ठेवले. ऑफिसची मीटिंग सुरू झाली, मागे ठेवलेला अभंग शहाण्यासारखा दबला. अण्णांना वाटले, बिघडला. त्यांनी बटण पिळले. पगारवाढ का देता येत नाही हे साहेबांनी मला सांगितले, ते तळमजल्यावरही कळले. मीटिंग संपताच अभंग मूळ पदावर आला. बटण होते तिथेच. समोरच्या काकूंच्या हातून कपबशी गेली.

नियम ६. आवाज अजिबातच येत नसेल तर आधी वायर पाहावी.

नियम ७. रविवारी सकाळी अमेरिकेतून ताईचा कॉल येतो. त्या वेळी कुठल्याही सेटिंगला हात लावू नये. अण्णा स्वतः उठून पंखा बंद करतात, टीव्ही बंद करतात, चटणी अर्धवट असली तरी आईला खरा मिक्सर थांबवायला लावतात आणि माझ्याकडे बोट दाखवून मला गप्प करतात. ८० टक्के वगैरे नाही, सरसकट शंभर. मग स्पीकरला कान लावून बसतात.

"अण्णा, ऐकू येतंय ना?"

"स्पष्ट!"

अर्धा तास बोलणे होते. कॉल संपला की ते पंखा लावतात आणि मला हळूच विचारतात, "काय म्हणाली?"