कितीला असेल, ओळखा!

नानाकाकांच्या मनगटाकडे तुम्ही कौतुकाने पाहिलंत की संपलंच. बाही वर जाते, हात तुमच्या नाकापुढे येतो आणि प्रश्न पडतो, "कितीला असेल, ओळखा!" मुरलेले नातेवाईक डोळे बारीक करून म्हणतात, "तीन हजारांच्या खाली नसेल." मग काका चेहऱ्यावरची रेषही हलू न देता सांगतात, "सातशे नव्वद. पट्ट्यासकट." लोक महागाई मिरवतात, काका स्वस्ताई मिरवतात.

गोतावळ्यात कुणालाही घड्याळ घ्यायचं असलं की काकांना दुकानात न्यायचंच. दुकानात सगळी घड्याळं दहा-दहावर लावलेली. "शोकेसमध्ये सगळीच हसतात," असं म्हणत काका हातातल्याची चावी नखाने ओढून काटे साडेसहावर आणतात. "हे बघ. घरी नेल्यावर असंही दिसणार आहे." मग पालथं करून पाठ वाचायची. "तीस मीटर लिहिलंय म्हणून पोहायला जाऊ नकोस. हात धुण्यापुरतं आहे ते." सेल्समन तोवर दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे सटकलेला असतो.

दहावीतल्या पोरांसाठी त्यांचा सल्ला ठरलेला: कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू. "१९८९पासून तेच मॉडेल चाललंय. सेल सात वर्षं जातो. तोवर तू नोकरीला लागशील!"

स्वतःचं लाडकं मात्र एचएमटी जनता. पांढरी डायल, सतरा ज्वेल्स, लग्नात सासऱ्यांनी घातलेलं. सकाळी दाढी झाली की अंगठा आणि तर्जनीत धरून चावी द्यायची; गच्च लागली की थांबायचं, पुढे रेटायचं नाही. तेवढा वेळ घरात कुणी त्यांच्याशी बोलत नाही. एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या मदतीने १९६१ साली बंगळूरला घड्याळं करायला सुरुवात केली, ही कथा जावयांना पहिल्याच दिवाळसणाला ऐकावी लागते. २०१६मध्ये सरकारने तो घड्याळांचा कारभार गुंडाळायचं ठरवलं, तेव्हा काकांना दोन घास कमी गेले. परवा पुतण्याने ऑनलाइन मागवलेलं भगभगीत केशरी 'जनता' त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं आणि निकाल दिला, "आतलं जुनं असेलही. तोंड मात्र रंगवलेलं आहे."

स्मार्टवॉचचं नाव काढायची सोय नाही. "रोज चार्जिंग? घड्याळ आहे की पेशंट? रोज सलाईन लावायचं!" हे म्हणताना बोटं जनताची चावी फिरवत असतात. काकू एकदाच म्हणाल्या, "आणि हे काय चाललंय?" उत्तर आलं, "याला सवय म्हणतात."

साठीला लेकाने परदेशातून स्विस ऑटोमॅटिक आणलं. किंमत ऐकून काका गप्पच झाले. चार महिने ते कपाटात, धोतराच्या घडीत. शेवटी लेकाच्या आग्रहाखातर भाचीच्या लग्नात बांधलं आणि बाही मनगटाच्या खाली ओढून बसले. पंगतीत वाढणाऱ्याने हेरलंच. "नानाकाका, नवीन? थांबा, सांगू नका. बाराशे!"

लेकाने तोंड उघडलं, पण काकांचा डावा हात त्याच्या गुडघ्यावर आधीच पडला होता.

"बरोब्बर!" काका म्हणाले आणि त्या आनंदात अजून एक जिलबी घेतली.