जाऊबाईंची काडी

अहो वहिनी, हातातलं ठेवा नि जरा कुंपणापाशी या. आमच्या मोठ्या जाऊबाईंचं कळलं का? बीपी १८०! पाय असे सुजलेत, की बोटानं दाबलं तर खड्डा तसाच राहतोय. बरं, मीठ जास्त म्हणावं, तर लोणचं-पापड कधीचे बंद. डॉक्टरांनी बीपीची गोळी वाढवली, तरी उतरेना, वर पोटॅशियमही खाली. दोन पायऱ्या चढल्या की मांड्या भरून येतात.

पकडलं कुणी, तर माझ्या भाचीनं. नगरला प्राणिशास्त्र शिकते ती. सुट्टीला आली नि बघते, तर काकू दिवसभर काहीतरी चघळतायत. ज्येष्ठमध! थंडीत खोकला झाला म्हणून आणलेलं. खोकला गेला, काडी काही सुटली नाही. त्यात साखर सोडलेली, नि ज्येष्ठमधातला तो गोड अंश साखरेच्या तीस-पन्नास पट गोड. मग कशाला सोडतायत!

भाची म्हणते, आपल्या अंगात मीठ धरून ठेवणारं एक हार्मोन असतं, अल्डोस्टेरॉन. किडनीत त्याची बसायची जी जागा, तिथं ताणाचं कॉर्टिसॉलही बसू शकतं, आणि ते रक्तात शेकडो पटीनं जास्त. म्हणून तिथं एक एन्झाइम राखण करतं. कॉर्टिसॉल आलं की त्याचं कॉर्टिसोन करून टाकतं, मग त्याला जागाच मिळत नाही. आपल्या मुळा साखर कारखान्याच्या गेटवर पावती नसलेली उसाची गाडी आत सोडतील का? तसंच. ज्येष्ठमध त्या एन्झाइमलाच गप्प बसवतं. मग कॉर्टिसॉल त्या जागेवर बसतं, मीठ-पाणी अंगात अडकतं नि पोटॅशियम लघवीवाटे जातं.

त्या एन्झाइमचं जनुक म्हणे एचएसडी११बी२. आपल्यात आहे तसं गोरिला, चिंपांझी, ओरांगउटान सगळ्यांत आहे. मी विचारलं, मग गोरिलानं काडी चघळली तर? "आत्या, त्याचंही बीपी चढायला हवं. पण त्याला रोज काड्या कोण पुरवणार?" पोरगी भलती तिखट!

आणि हे आजचं नाही हो. १९४६ साली हॉलंडात रेव्हर्स नावाच्या डॉक्टरांनी अल्सरच्या पेशंटना ज्येष्ठमधाचा अर्क दिला, तर पाचांतल्या एकाला सूज! अमेरिकेत एक जण तर रोज ज्येष्ठमधाच्या गोळ्या खाऊन दगावला. २०२० साली तिथल्या डॉक्टरांनी छापलंय ते.

आता काडी बंद केलीय, पण बीपी लगेच थोडंच उतरतंय, आठवडा-दोन आठवडे जाणारच. वर जाऊबाई माझ्यावरच रुसल्यात, म्हणे आयुर्वेदाला नावं ठेवता. म्हटलं, बाई, वैद्य मोजून देतो, तुम्ही तर डबाच्या डबा फस्त केलात!

बरं, तुमच्या भाऊजींना ती लघवीची गोळी चालू आहे ना? त्यातल्या पुष्कळशा गोळ्यांनीही पोटॅशियम जातं म्हणे. आणि काल तुम्ही त्यांना काढा करून दिलात, त्यात तुळस-आल्याबरोबर आणखी काय उकळलं होतं? ... बघा! आणा तो डबा इकडं. आणि आज दवाखान्यात जाल तेव्हा डॉक्टरांना काढ्याचं आधी सांगा.