रोमन गणित, मराठवाडी हिशोब

छत्रपती संभाजीनगरात राहून प्राचीन रोमच्या गणितावर पीएचडी करायची, तर इतिहासवाले म्हणतात गणितात जा, गणितवाले म्हणतात इतिहासात जा. दोघांचं एकमत एकाच प्रश्नावर: रोमचा आपल्याशी संबंध काय? पन्नासेक किलोमीटरवरचं पैठण पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या सागरी व्यापाराच्या मार्गदर्शिकेत आहे, भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर. तिथले शोभेचे दगड गाड्यांतून भडोचला जात, पुढे रोमन बाजारात. व्यापाऱ्यांनी हिशोब केलाच असेल. पण संबंध सिद्ध करायचा तो आजच्या समितीपुढे.

घरी वेगळीच पंचाईत. कोलुमेल्ला या रोमन लेखकाने शेतीच्या ग्रंथात वर्तुळाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या 11/14 दिलंय, असं गावाकडे सांगितलं की काका लगेच विचारतात, "मग बांधाची मोजणी करून देशील का?" बिचाऱ्या संशोधनाची समाजोपयोगिता एवढ्या झटकन कुठल्याच समितीला पटलेली नाही.

शिष्यवृत्तीचं म्हणाल तर रोमन अंकांत शून्याला चिन्हच नाही. त्यामुळे या संशोधकाच्या खात्यातली शिल्लक त्याच्याच विषयात लिहिता येत नाही. प्रगती अहवाल मात्र वेळेवर द्यावा लागतो, तोही तीन प्रतींत.