परक्या गडाचे किल्लेदार

‘कॅसलव्हेनिया’ हा व्हिडिओ गेम नव्याने कसा काढावा, याचा आराखडा तयार असलेला माणूस शोधायला नागपुरात फार फिरावं लागत नाही. त्याला आपण किल्लेदार म्हणू. गड परका, पण किल्ल्या याच्याच कमरेला. वय चाळिशीचं, घराचे हप्ते सुरू, आणि कोनामी ही जपानी कंपनी आपल्या सल्ल्यावाचून अडून बसली आहे अशी पक्की समजूत. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या डब्यात कॅसेट फुंकर मारून बसवली जायची. तिच्या लेबलावर शेकडो गेमची बढाई आणि आत फिरून फिरून तेच पाच-सात. त्यातल्या ‘काँट्रा’ने कोनामीचं नाव वऱ्हाडापर्यंत पोचवलं. त्याच कंपनीच्या १९८६ सालच्या ‘कॅसलव्हेनिया’मध्ये सायमन बेलमाँट हातात चाबूक घेऊन ड्रॅक्युलाच्या गडावर चढतो, आणि आमचा किल्लेदार जो त्याच्यामागून वर गेला तो अजून खाली उतरलेला नाही. त्याचं रोजचं वेळापत्रकही ड्रॅक्युलाचंच असतं. नागपूरच्या मे महिन्यात दिवसा पडदे ओढून कूलरपुढे पडायचं आणि अंधारल्यावर चौकात यायचं, हे इथे शहाणपणाचंच समजतात, त्यामुळे त्याच्यावर कोणी संशय घेत नाही.

पोह्यांची प्लेट समोर येते तेव्हा त्याचं मत क्रांतिकारक असतं: ‘भाऊ, सगळं पार मुळापासून बदलायला पायजे.’ प्लेटीत तर्री पडेपर्यंत अटी सुरू होतात. चाबूक राहील. मेणबत्ती फोडली की त्यातून बदाम पडलाच पाहिजे. शेवटच्या लढाईआधी मृत्यू कोयता घेऊन यायलाच हवा. भिंत फोडल्यावर आत भाजलेली कोंबडी सापडली पाहिजे. शंभर वर्षं बंद असलेल्या गडाच्या भिंतीत ती ताजी कशी राहते, असं कोणी विचारलं तर किल्लेदार त्याच्याकडे ‘हा आपल्यातला नाही’ अशा नजरेने पाहतो. प्लेट रिकामी होते तेव्हा बदलायला काहीही शिल्लक नसतं. यावरून लोक त्याला गोंधळलेला समजतात, पण तो गोंधळलेला नाही, त्याचा शब्द तेवढा चुकला आहे. तोंडाने तो रीबूट म्हणतो आणि मनात त्याच्या असतो जीर्णोद्धार. जीर्णोद्धारात मंडप नवा, फरशी नवी, कळसाला रंग नवा, देणगीदारांची पाटी तर हमखास नवी; मूर्ती मात्र हलत नाही. कंपन्या ज्याला रीबूट म्हणतात तो सोसायटीचा पुनर्विकास असतो. जुनं पाडायचं, वर मजले चढवायचे आणि मूळ रहिवाशांना कोपऱ्यातला फ्लॅट द्यायचा.

पुरावा हवा तर याच मालिकेतला २०१० चा ‘लॉर्ड्स ऑफ शॅडो’ बघा. मर्क्युरीस्टीम या स्पॅनिश कंपनीने तो दणक्यात केला, आणि शेवटी शिकारी गेब्रियल बेलमाँटलाच ड्रॅक्युला करून टाकलं. गेम चांगला खपला, पण किल्लेदाराच्या लेखी ही घरातल्या माणसाला बाटवल्याची केस आहे. त्याचा आवडता पुरावा १९९७ चा ‘सिम्फनी ऑफ द नाइट’. त्यात अर्ध्यावर गड संपतो, आणि मग तोच गड उलटा टांगलेला पुन्हा समोर येतो. जमिनीच्या जागी छत, खोल्या त्याच! आहे त्याच वीट-चुन्यात दुप्पट बांधकाम इतक्या थाटात दुसऱ्या कोणी काढलेलं मला माहीत नाही. यावर एक सरळ आक्षेप येतो. त्या गेमच्या कर्त्यांपैकी एक, कोजी इगाराशी, कोनामी सोडून गेला आणि २०१५ साली त्याने ‘ब्लडस्टेन्ड’साठी लोकांकडे वर्गणी मागितली. मागितले पाच लाख डॉलर, जमले पंचावन्न लाख. त्यात ना ड्रॅक्युला होता ना बेलमाँट घराणं, मग मूर्ती कुठे उरली? आक्षेप खरा आहे, पण त्यातून मूर्ती कोणती तेवढंच कळतं. बंद दरवाजा आधी दिसतो, पुढे जाऊन अंगात नवी विद्या येते, मग त्याच दरवाजाशी परत यायचं, ही त्या गडाची चाल म्हणजे मूर्ती. बाकी सगळे अलंकार, अगदी ड्रॅक्युलासुद्धा.

दुसरा आक्षेप ज्येष्ठांचा: हे विलायती भूत नागपूरकराला कशाला? याचं उत्तर किल्लेदारापाशी आहे आणि ते भक्कम आहे. रिचर्ड बर्टनने १८७० साली आपल्या वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या तेव्हा वेताळाचं ‘व्हॅम्पायर’ केलं. स्टोकरचा ‘ड्रॅक्युला’ त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, १८९७ मध्ये आला. आणि भवभूती तर स्वतःला विदर्भातल्या पद्मपूरचा सांगतो. त्याच्या ‘मालतीमाधव’च्या पाचव्या अंकात रात्रीच्या स्मशानात नायक पिशाचांना नरमांस विकायला फिरतो, आणि कापालिक अघोरघंट नायिकेला चामुंडेपुढे बळी द्यायला निघालेला असतो. हे आठव्या शतकातलं नाटक! एवढं सांगून किल्लेदार विजयी मुद्रेने बसतो. मग कोणी म्हणतं, ‘तर गेम गाविलगडावर काढू या,’ आणि त्याचा चेहरा उतरतो. ‘नाही बे, ते तसं नाही होत.’ इथे मात्र मी त्याच्या बाजूने नाही. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रजांनी चिखलदऱ्याजवळच्या या गाविलगडाचा बाहेरचा किल्ला तोफांनी फोडला, पण आतल्या किल्ल्याचा दरवाजा काही हटेना. शेवटी एक तुकडी शिड्या लावून भिंतीवरून आत उतरली आणि तिने दरवाजा आतून उघडला. कॅसलव्हेनियाची चाल याहून वेगळी काय असते? चिखलदऱ्याला जाऊन मक्याचं कणीस खाऊन परतणाऱ्या किल्लेदाराला ती तिथे दिसत नाही, कारण तिथे बदाम पडत नाहीत.

राहिला रिकामटेकडेपणाचा आरोप. तो करणाऱ्या नागपूरकराने पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गर्दीत आपण काय बघायला जातो ते आठवावं. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. इडापीडा नेणारी ती पुतळ्यातली बाई दरवर्षी नव्याने घडते, दरवर्षी जळते आणि पुढच्या वर्षी तशीच परत येते. नवीन म्हणून जे काही लागतं ते बडगे, म्हणजे सोबत निघणारे चालू पीडांचे पुतळे, सांभाळतात. यंदा महागाई, पुढल्या वर्षी आणखी कोणी. मारबतीलाच बदला, असं कोणी म्हणून तर पाहावं इतवारीत! किल्लेदार कोनामीकडे हेच मागतो आहे, फक्त चुकीच्या शब्दात आणि जपानी येत नसल्यामुळे मराठीत. आराखडा आलेखाच्या वहीत आहे. पहिल्या पानावर गडाचा दरवाजा, आत डाव्या हाताला सहा मेणबत्त्या, पाचवीखाली भिंत पोकळ असल्याची पेन्सिलची खूण. दुसऱ्या पानावर तीच खोली उलटी काढलेली आहे.