हिरव्या पाटीला वाट द्या!

ऑस्ट्रियात मोटारमार्गावर ताशी १३० किलोमीटरची मुभा आहे. ज्या पट्ट्यात हवा बिघडते तिथे सरकार ती १०० वर आणतं. २०१९ मध्ये त्यांनी विजेच्या गाड्यांना या शंभराच्या बंधनातून मोकळं केलं. नंबरप्लेटवरची अक्षरं हिरवी असली की खुशाल १३० ने जा. मागे धूर नाही, तर पापही नाही.

ही बातमी शिरूरच्या आमच्या भाऊसाहेबांना उशिरा कळली, पण कळल्यापासून उपोषणाला बसायचं तेवढं बाकी आहे. त्यांची पाटी तर अख्खी हिरवी. शिवाय गाडी गावचीच लेक: विजेवरची नेक्सॉन तयार होते रांजणगावच्या कारखान्यात, म्हणजे शिरूर तालुक्यातच. "माहेरच्या रस्त्यावर लेकीला कसली आलीय मर्यादा?" असा त्यांचा सवाल आहे. (नवी गाडी दूरच्या शोरूमला जाते ती डिझेलच्या ट्रेलरवर बसून, हे त्यांना कुणी सांगू नये. बीपीचा त्रास आहे.)

तर मर्यादेचं बघू. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे दुभाजकाच्या चौपदरी रस्त्यावर मोटारीला जास्तीत जास्त १००. शिरूरहून पुण्याला जाणाऱ्या नगर रोडला दुभाजक आहे. पण कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर या टापूत कंपन्यांची पाळी सुटायच्या वेळेला काटा वीसवर गेला तरी माणूस रांजणगावच्या महागणपतीला नारळ कबूल करतो. भाऊसाहेबांना सूट नेमकी कशातून हवी, हे त्यांनी शिक्रापूरच्या चौकात अडकल्या अडकल्या ठरवावं. वेळ भरपूर मिळेल.

चौफुल्याकडे वळलात तर कायदा आणखी बदलतो. दिवाळीनंतर शिरूर-दौंड पट्ट्यात वेगमर्यादा परिवहन खातं ठरवत नाही, ऊस ठरवतो. पुढे ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, ट्रॉलीवर मावेल त्याच्या दीडपट ऊस, आणि रस्त्याकडेच्या झाडाला ऐकू जाईल एवढी गाणी. मागे रिफ्लेक्टर? दर हंगामात रिफ्लेक्टर लावण्याचं आवाहन होतं, फोटो छापून येतो, आणि ट्रॉली अंधारात पुन्हा तशीच निघते. पेट्रोल, डिझेल, वीज असा भेदभाव न करता सगळ्यांना एकाच वेगाने नेणारी एवढी समतावादी यंत्रणा ऑस्ट्रियाला अजून जमलेली नाही.

भाऊसाहेबांचं गणित धुरापाशी अडतं. गाडीच्या मागे धूर नाही हे खरंच आहे, आणि गावातून जाताना त्याचा फायदाही खराच. मोटारीच्या उभ्या आयुष्याचा हिशेब धरला तरी विजेची गाडी पेट्रोलवालीपेक्षा कमी कार्बन सोडते. पण गाडीत भरलेली वीज काही नळाला येत नाही. तिचा मोठा वाटा अजून कोळशावर तयार होतो. म्हणजे धूर शिरूरला निघत नाही, चंद्रपूरला निघतो. आणि चंद्रपूरची माणसं भाऊसाहेबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नसल्यामुळे तो मोजायचा प्रश्न येत नाही. त्यात वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १२० वर गेलात तर वेग दीडपट, पण विरोध सव्वादोनपट. बॅटरीचं वजन टायरवर पडतं ते वेगळंच. ब्रेक कमी झिजतात, पण टायरची धूळ ऑस्ट्रियातही हिरवी होत नाही. डच सरकारने मार्च २०२० मध्ये नायट्रोजनच्या संकटामुळे दिवसाची मर्यादा १०० वर आणली, तेव्हा विजेच्या गाडीलाही तीच लावली. भाऊसाहेबांनी ती बातमी वाचलेली नाही.

आपल्या सरकारचं मात्र भाऊसाहेबांशी जमतं. ऑगस्ट २०२५ पासून विजेच्या मोटारींना टोलमाफी मिळाली ती अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती आणि समृद्धीवर. म्हणजे जिथे सुसाट जाता येतं आणि बॅटरी सर्वांत भराभर उतरते, बक्षीस तिथेच. दौंडचा माणूस सोलापूर रस्त्याला लागला की पाटसच्या नाक्यावर हिरव्या पाटीचाही फास्टॅग वाजतो.

दौंडकर यावर फारसे चिडत नाहीत, कारण विजेच्या वाहनाचा त्यांचा अनुभव जुना आहे. पुणे-दौंड लोहमार्गावर २०१७ मध्ये विजेच्या तारा आल्या. लोकांनी लोकल मागितली होती. मिळाली डेमू. वर पंचवीस हजार व्होल्टची तार आणि तिच्याखालून डिझेल जाळत पुण्याला निघालेले नोकरदार! एका फेरीत शेकडो माणसं नेणारी गाडी विजेवर आणायला सवड लागते. एका माणसाला शिरूरहून पुण्याला नेणाऱ्या मोटारीसाठी धोरण रात्रीत होतं.

रात्रीवरून आठवलं. भाऊसाहेबांची गाडी रात्री अंगणात चार्ज होते. त्यांच्या बांधाला लागून असलेला शेतकरीही रात्रीच जागा असतो, कारण थ्री फेजची पाळी रात्रीची आणि उसात बिबट्या. त्याची मागणी साधी आहे: पंपाला दिवसा वीज द्या. त्याच्या पंपाला हिरवी पाटी नाही, हीच काय ती अडचण.

हिरव्या पाटीला वेगमर्यादेतून सूट मागणारा भाऊसाहेबांचा अर्ज आम्ही वाचला आणि न विचारता दुरुस्त केला. सवलतीचं कलम काढलं. त्या जागी तीन मागण्या घातल्या: ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर, शिरूर-दौंडच्या पंपांना दिवसा वीज, आणि मोकळ्या रस्त्यावर पाटी कोणत्याही रंगाची असो, सगळ्यांना ८०. भाऊसाहेब सही करायला तयार नाहीत. तुम्ही करा.