नोटरीनं काय होतंय?

"वैनी, शेंगा नंतर निवडा. कोपऱ्यावरच्या घरात सकाळपासून कशाचा आवाज चाललाय, कळलं का?"

"भावाभावांचं ना? गड्ड्याच्या जत्रेत तर एकत्र हिंडत होते की!"

"तेच तर. वाटणीपत्र रजिस्टर केलेलं. रस्त्याकडचा गाळा धाकट्याला, मागच्या खोल्या थोरल्याला. पुढं वडिलांच्या वर्षश्राद्धाला पंगतीतच ठरलं, अदलाबदल करायची. थोरल्यानं गाळ्यात दुकान टाकलं. आता धाकट्याचं पोरगं म्हणतंय, कागद दाखवा."

"मग दाखवायचा की! पाचशेच्या स्टँपवर नोटरी केलीय, थोरलीच सांगत होती."

"नोटरीनं काय होतंय? सही कुणी केली तेवढं कळतं, मालकी काय सरकत नाही. आमच्या वकील जावयांनी सगळी फोड करून सांगितली. शंभर रुपयांची का असेना, घरजागा एकाची दुसऱ्याच्या नावावर करायची तर दस्त रजिस्टर लागतो. कायदा 1908 चा. आता शंभर रुपयांत कुठली घरजागा येते?"

"पण पंगतीत चाळीस माणसं होती की साक्षीला."

"सगळी खरंच बोलतील हो, तरी उपयोग नाही. रजिस्टर झालेला करार नंतरच्या तोंडी बोलण्यानं बदलला किंवा मोडला, असा पुरावाच कोर्टात घेत नाहीत. जुन्या साक्षीपुराव्याच्या कायद्यात कलम 92 होतं, 1 जुलै 2024 पासून नव्या साक्ष्य अधिनियमात 95 झालं. नंबर बदलला, नियम तोच."

"अक्का, आमच्या सासऱ्यांनी तर वाटणीच तोंडी केलेली. कुणी काही म्हटलं नाही."

"ती चालते! एकत्र कुटुंबाची तोंडी वाटणी कायद्याला मान्य आहे. झालेल्या वाटणीची आठवण म्हणून नंतर केलेलं टिपणही चालतं, सुप्रीम कोर्टानं 1976 सालीच सांगितलंय. पण वाटणी झाली की दोघं वेगळे मालक. मग गाळा देऊन खोल्या घ्यायच्या म्हणजे नवा व्यवहार, खरेदीसारखाच."

"आणि रजिस्टर गहाणखताचे पैसे फेडले असतील तर? तेही बोलून दाखवायचं नाही?"

"ते सांगता येतं. पैसे दिले ही घडलेली गोष्ट, पावतीनं नाहीतर साक्षीनं सिद्ध होते. पण 'व्याज दोन टक्क्यांचं एक टक्का करतो' असं नुसतं कट्ट्यावर म्हटलेलं असलं, तर ते गेलं वाऱ्यावर."

"म्हणजे पोराचंच खरं!"

"कायद्यानं खरं, मनानं कोतं. वर्षानुवर्षं काकाच्या दुकानातनं गोळ्या-बिस्किटं फुकट खाल्ली, तेव्हा नाही कागद मागितला. तुमचं थोरलीशी जमतं ना, तिच्या कानावर घाला. धाकटे भावजी अजून 'होय, ठरलं होतं' म्हणतायत, तोवर दोघांनी दुय्यम निबंधकाकडं जाऊन अदलाबदलीचा दस्त करून टाका म्हणावं. मुद्रांक शुल्क जाईल, जाऊ दे. उद्या भावजींचं काही बरंवाईट झालं, तर त्या पोराकडनं सही मिळायची नाही."